जयंतीची साडी : रंग कोणता आणि खर्च कोणाचा?

होळी उलटली की आपल्या वस्त्यांमधून जयंतीच्या वर्गणीची वही फिरू लागते. पुरुष मंडळींच्या बैठकीत मिरवणुकीचा मार्ग, मंडप, वाजंत्री, व्याख्याता कोण बोलवायचा याची चर्चा चालते. महिला मंडळाच्या बैठकीत मात्र त्याआधी एक प्रश्न निघतो आणि तो निघाला की बाकीचे विषय बाजूला राहतात. यंदा सगळ्यांनी साडी कोणती नेसायची? मेहकर असो की मलकापूर, चिखली असो की जळगाव जामोद, घाटावर असो की घाटाखाली, हा प्रश्न सगळीकडे सारखाच. कोणी म्हणते पांढरी, कोणी म्हणते निळी, कोणी म्हणते पांढरी पण निळ्या काठाची, आणि एखादी तरुण सून मोबाईलवर मोरपंखी साडीचा फोटो दाखवते. दोन बैठका त्यातच जातात. पुरुष मंडळी याची थट्टा करतात. आम्हाला ती थट्टा मान्य नाही. अंगावर काय घालायचे हा प्रश्न आपल्या समाजात कधीच हलका नव्हता.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रे वापरावीत, फुटक्या भांड्यात जेवावे आणि दागिने घालायचे तर लोखंडाचे घालावेत, असे लिहून ठेवले आहे. हे केवळ पोथीत राहिले नाही. गावगाड्यात आपल्या पूर्वजांच्या वाट्याला जे 'हक्क' आले, त्यात मेलेली गुरे ओढण्याबरोबर मढ्यावरचे कापड हाही एक हक्क होता. गावात कोणी गेले की त्याच्यावर टाकलेले कापड आपल्या घरी यायचे आणि तेच धुऊन, शिवून अंगावर चढायचे. बायकांनी लुगडे किती वर नेसायचे, हातात-गळ्यात काय घालायचे, यावरूनही जात दुरून ओळखू यावी अशी तजवीज होती.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सत्याग्रह परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. त्याच परिषदेच्या वेळी परमपूज्य बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले, ते मात्र तितके सांगितले जात नाही. त्या भाषणाचा मोठा भाग कपड्यांविषयी होता. लुगडे नेसण्याची तुमची पद्धत तुमच्या अस्पृश्यतेची खूण झाली आहे, ती मोडा, पांढरपेशा स्त्रियांप्रमाणे लुगडे खाली घोट्यापर्यंत नेसा, असे त्यांनी सांगितले. गळ्यात ढीगभर गळसऱ्या आणि हातात कोपरापर्यंत कथलाच्या किंवा चांदीच्या पाटल्या-गोठ घालणे सोडा, असेही सांगितले. कपडा फाटका असला तरी चालेल, पण तो स्वच्छ हवा हाही त्यातलाच उपदेश. आणि पुष्कळ बायकांनी तिथल्या तिथे नेसण्याची पद्धत बदलली. ज्या दिवसांत मनुस्मृती जळली, त्याच दिवसांत लुगड्याचा काठ गुडघ्यावरून घोट्यावर आला. आम्हाला या दोन्ही गोष्टी एकाच मोलाच्या वाटतात.

त्यानंतर एकोणतीस वर्षांनी नागपूर. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. तेव्हा आपला बुलडाणा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी. दीक्षेला येणाऱ्यांनी पांढरी वस्त्रे घालून यावे, असा निरोप गावोगाव गेला होता. लोक आले ते पांढरे धोतर, पांढरा सदरा, पांढरे लुगडे नेसून. नागपूरच्या दुकानांतील पांढऱ्या साड्या संपून गेल्या होत्या, असे जुनी माणसे सांगत. बाबासाहेबांच्या अंगावर पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट होता, माईसाहेबांची साडी पांढरी होती. कुशीनाराचे भदंत चंद्रमणी महास्थविर यांनी त्यांना दीक्षा दिली आणि मग बाबासाहेबांनी समोरच्या लाखो लोकांना त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या.

ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मढ्यावरचे पांढरे कापड पांघरले, त्याने त्या दिवशी दुकानात जाऊन, आपल्या मजुरीच्या पैशाने, कोरे पांढरे कापड विकत घेतले. कापडाचा रंग तोच, पण ते आता आपल्या पसंतीचे होते. आमच्या मते महिला मंडळाच्या बैठकीत साडीचा विषय निघेल तेव्हा सगळ्यात आधी हे एकदा सांगावे, म्हणजे पुढची चर्चा आपोआप वेगळ्या वळणावर जाते.

पांढरे काऊन?

तरीही दरवर्षी एखादी आजी किंवा मावशी विचारतेच, "पांढरं काऊन नेसू व माय? लोक काय म्हनतीन?" आजूबाजूच्या समाजात पांढरी साडी ही विधवेची खूण मानली जाते आणि आपण त्याच समाजात राहतो, त्याच बाजारात जातो. आजीच्या मनातली भीती खोटी नाही. तिला रागावून उपयोग नाही, उत्तर द्यायला हवे.

पहिले उत्तर धम्मातले आहे. पाली ग्रंथांत भिक्खूंसाठी काषाय वस्त्र, तर गृहस्थ उपासक-उपासिकांसाठी 'गिही ओदातवसना' असा शब्द येतो. ओदात म्हणजे पांढरे, वसन म्हणजे वस्त्र. घरसंसार करणारा, मुलेबाळे असलेला, शेतात आणि बाजारात राबणारा माणूस तो हा पांढऱ्या वस्त्रातला. म्हणजे पांढरे हा संसार सोडल्याचा रंग नाही, संसारात राहून शील पाळणाऱ्याचा रंग आहे. श्रीलंकेत पौर्णिमेच्या दिवशी, तिथे त्याला पोया म्हणतात, विहारात जाणारे आई-बाप आणि लेकरे पांढऱ्या कपड्यांत असतात. थायलंडमध्येही उपोसथाला अष्टशील घेणाऱ्या बायका पांढरे नेसतात. आपल्याकडे भारतीय बौद्ध महासभेच्या शिबिरात आणि वर्षावासातल्या ग्रंथवाचनाला उपासिका पांढऱ्या साडीत बसतात, ती हीच रीत.

दुसरे उत्तर लग्नातले. महापरिनिर्वाणाच्या अगदी थोडे आधी, डिसेंबर १९५६ च्या पहिल्या आठवड्यात, बाबासाहेबांनी कर्डक यांना एक छोटे पत्र लिहिले. बौद्ध विवाह कसा लावावा हे त्यात आहे. होम नाही, सप्तपदी नाही. वधू-वरांच्या मध्ये चौरंगावर पाण्याने काठोकाठ भरलेले नवे मातीचे मडके ठेवायचे, पाण्यात सुताचा धागा सोडायचा, त्याचे एकेक टोक दोघांनी धरायचे आणि कोणीतरी मंगलसुत्त म्हणायचे. एवढाच विधी. आणि दोघांनीही पांढरी वस्त्रे घालावीत, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. नवरीच जिथे पांढऱ्या साडीत उभी राहते, तिथे पांढऱ्याला अशुभ कसे म्हणणार?

आता कित्येक लग्नांत तासाभराच्या विधीपुरती पांढरी साडी आणि नंतर जेवणाच्या पंगतीला लाल शालू, असा प्रकार दिसतो. आम्ही त्यावर नाक मुरडणार नाही. मुलीच्या हौसेचा तो दिवस असतो. पण पांढरी साडी भाड्याने आणल्यासारखी स्वस्तातली, आणि शालूवर मात्र कर्ज, हे उलटे आहे. विधी ज्या साडीत होतो ती साडी जरा बरी घ्या. पुढे तिला दरवर्षी बुद्धपौर्णिमेला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नेसता येते. शालू बहुतेक घरांत पेटीतच राहतो.

तिसरे उत्तर आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. विहारात पन्नास बायका पांढऱ्या साडीत बसल्या की त्यांतली विधवा कोण, परित्यक्ता कोण, नवऱ्याची कोण, लग्न न झालेली कोण, हे साडीवरून ओळखता येत नाही. इतर ठिकाणी हळदीकुंकवाच्या वेळी जिला मागे सारले जाते, ती इथे पहिल्या रांगेत बसून बुद्धवंदना म्हणते. एका रंगाच्या साडीने एवढे काम होत असेल तर त्या साडीसाठी दोन बैठका गेल्या तरी हरकत नाही.

निळा रंग मात्र मिरवणुकीचा. शेड्युल्ड कास्ट्‌स फेडरेशन जुलै १९४२ मध्ये नागपूरला स्थापन झाले, तेव्हापासून निळा झेंडा आपल्या चळवळीत आहे. त्याच वेळी २० जुलैला नागपुरातच महिला परिषद भरली, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, वीस-पंचवीस हजार बायका जमल्या होत्या आणि त्यांचा टापटीपपणा पाहून बाबासाहेबांनी समाधान व्यक्त केले होते. चौकाचौकांतल्या पुतळ्यांवरचा निळा कोट तर लहान मुलालाही ठाऊक आहे. पंचशील ध्वजातही पहिला पट्टा निळाच, मग पिवळा, लाल, पांढरा आणि नारिंगी, आणि शेवटी या सर्वांचा मिळून सहावा. हा ध्वज १८८५ साली श्रीलंकेत तयार झाला आणि १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेने तो सर्व देशांच्या बौद्धांसाठी स्वीकारला. त्या परिषदेला बाबासाहेब स्वतः गेले होते. घाटावरच्या मंडळींना अजिंठा एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे. तिथल्या चित्रांत मधूनच जो गडद निळा चमकतो, तो अफगाणिस्तानातून येणाऱ्या दगडाची पूड करून बनवलेला आहे. निळा रंग त्या काळी किती महाग होता, हे त्यावरून समजते. आता तो शंभर रुपयांच्या ब्लाउजपीसमध्येही मिळतो.

नायजेरियातले कुटुंबाचे कापड

सगळ्यांनी एकसारखे नेसण्याची हौस आपल्यालाच आहे असे नाही. पश्चिम आफ्रिकेत नायजेरिया देशाच्या नैर्ऋत्य भागात, लागोस, इबादान, अबेओकुटा या शहरांच्या बाजूला योरुबा लोक राहतात. त्यांच्याकडे लग्न, बारसे, साठीचा वाढदिवस, इतकेच काय म्हाताऱ्या माणसाचा अंत्यविधी असला तरी सगळे गोत एका कापडात येते. त्याला ते 'अशो एबी' म्हणतात. अशो म्हणजे कापड, एबी म्हणजे कुटुंब. यजमान घर रंग आणि कापड ठरवते, नातेवाईक आणि मैत्रिणींना कळवते, आणि ज्याने-त्याने ते कापड यजमानाकडून किंवा ठरलेल्या व्यापाऱ्याकडून विकत घ्यायचे असते. लग्नात मुलीकडच्यांचा एक रंग, मुलाकडच्यांचा दुसरा, मैत्रिणींचा आणखी तिसरा. मंडपात शिरल्याबरोबर कोण कोणाकडचे ते कळते.

त्यांच्या हातमागावरच्या जाड, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाला 'अशो ओके' म्हणतात. त्यात जुन्या काळापासून तीन रंग मानाचे. गडद निळीत बुडवलेले 'एतू', रानरेशमाचे मातकट 'सान्यान' आणि किरमिजी 'अलारी'. निळा तिथेही मानाचाच. बायका कमरेला गुंडाळायचे 'इरो', वर सैल 'बुबा' आणि डोक्याला मोठ्या ऐटीत बांधलेले 'गेले' घालतात. पुरुषांचा घोळदार 'अगबादा' आणि डोक्यावर 'फिला' टोपी.

त्यांच्या रीतीतल्या दोन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. पहिली अशी की कापड एक असले तरी शिवण प्रत्येकीची आपापली. म्हातारी सैल शिवते, तरुण मुलगी अंगासरशी शिवते, आणि तरीही सगळ्या एकत्र दिसतात. दुसरी अशी की ज्याला पूर्ण कापड घेणे जमत नाही, त्याने फक्त डोक्याचे गेले किंवा टोपी त्या रंगाची घालावी, बाकी कपडा घरचा चालतो. पण तिथेही तक्रार आहेच. कापड महाग ठरवले की लोक उसनवारी करतात, महिन्याला दोन-तीन समारंभ आले की पगार कापडातच जातो, आणि कापड न घेतलेल्या पाहुण्याकडे वाढप्यांची नजर वळत नाही, असे तिथले लोकच बोलतात. समुद्रापलीकडे इतक्या दूर, आणि दुखणे मात्र आपल्याच वस्तीतले.

कारण आपल्याकडे काय होते ते पाहा. साडी ठरली सहाशेची. घरात सासू आणि सून दोघी. म्हणजे बाराशे झाले. त्यावर दोन ब्लाउजची शिलाई, फॉल-पिको, बांगड्या. एप्रिल महिना आपल्या जिल्ह्यात मजुरीच्या दृष्टीने कोरडा. कापूस वेचून संपलेला असतो, सोयाबीन कधीचे निघालेले असते, हरभरा-गहूही झालेला. शेतात काम नाही आणि त्याच महिन्यात लग्नसराई. बैठकीत चार जणींनी सहाशेची साडी पसंत केली की पाचवी काही बोलत नाही. मान हलवते. आणि १४ एप्रिलला संध्याकाळी मिरवणूक निघते तेव्हा ती दिसत नाही. विचारले तर सांगते पाहुणे आले होते, लेकराला ताप होता. खरे कारण साडी. जिची आजी सुताची पांढरी साडी नेसून दीक्षाभूमीवर गेली, ती बाबासाहेबांच्या जयंतीला साडीपायी घरात बसते. यापेक्षा वाईट गोष्ट आम्हाला दुसरी दिसत नाही. एखाद्या ठिकाणी ती येते, पण वेगळ्या साडीत, आणि फोटोच्या वेळी तिला कडेला व्हायला सांगितले जाते. हेही आम्ही पाहिले आहे. ओळ सरळ दिसावी म्हणून माणूस ओळीबाहेर काढायचे, हे बाबासाहेबांच्या लेकींना शोभत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. ठराव साडीचा करू नका, रंगाचा करा. 'पांढरी साडी, ज्या घरी जी असेल ती. आणि निळा ब्लाउज सगळ्यांचा एक.' जवळजवळ प्रत्येक बौद्ध घरात एक तरी पांढरी साडी असतेच. सुती असो, नायलॉनची असो, बारीक फुलांची असो, दहा पावलांवरून सगळ्या पांढऱ्याच दिसतात. डोळ्यात भरतो तो निळा ब्लाउज. तेवढा मात्र एकाच ताग्यातून घ्यावा. ज्यांना तोही नको, त्यांना निळी पट्टी किंवा निळे उपरणे खांद्यावर पुरते. पुरुषांचे तर सोपेच आहे, पांढरा सदरा आणि निळा फेटा. मुलांमध्ये ज्यांच्या शाळेचा शर्ट पांढरा आहे त्यांना नव्याचा खर्च नाही.

ज्या मंडळाला नवी एकसारखी साडी घ्यायचीच आहे, त्यांनी घ्यावी, पण मार्चमध्ये ठरवू नये. १४ ऑक्टोबर ते १४ एप्रिल हे बरोबर सव्वीस आठवडे होतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी आणि पुढे कापसाची वेचणी यामुळे हातात मजुरी असते. तेव्हापासून बचत गटाच्या बैठकीत आठवड्याला वीस रुपये वेगळे काढले तर जयंतीला प्रत्येकीचे पाचशे वीस जमतात, आणि कोणाच्याही नवऱ्याकडे हात पसरावा लागत नाही. किंमत किती असावी हेही उघड हात वर करून ठरवू नये. प्रत्येकीने चिठ्ठीवर आपल्याला झेपेल तो आकडा लिहावा, नाव लिहू नये, जिला लिहिता येत नाही तिने मुलीकडून लिहून आणावा. त्यांतला जो सगळ्यात लहान आकडा निघेल, त्या किमतीची साडी. चार जणींना ती थोडी हलकी वाटेल. वाटू द्या.

खरेदीला जाताना

खामगाव, मलकापूर, बुलडाणा, चिखली, मेहकर इथल्या बाजारात जाताना तिघी-चौघींनी जावे आणि त्यांतली एक म्हातारी व एक तरुण असावी. दुपारच्या उजेडात जावे. ट्यूबलाइटखाली निळ्याचे सगळे प्रकार सारखे दिसतात. बाहेर आल्यावर एक शाईसारखा, एक आकाशी, एक जांभळ्याकडे झुकणारा निघतो. साडी दुकानाच्या पायरीवर आणून उन्हात पाहावी, दुकानदार काही म्हणत नाही. मोबाईलवरच्या फोटोवरून पन्नास साड्या मागवणे तर आम्हाला बिलकूल पसंत नाही. फोटोतला रंग आणि हातातला रंग यांत पुष्कळदा फरक निघतो.

सगळ्या साड्या एकाच लॉटच्या आहेत का ते आधी विचारावे. रंगाची कढई बदलली की काठाचा निळा बदलतो, आणि तीस साड्या एका लॉटच्या व वीस दुसऱ्या असल्या की मिरवणुकीत ते लगेच दिसते. दोन-चार जास्तीच्या घेऊन ठेवाव्यात, शेवटच्या आठवड्यात माहेरवाशिणी येतातच.

पांढऱ्यातही तीन तऱ्हा. नीळ दिल्यासारखा थंड पांढरा, दुधी आणि मोतिया. निळ्या काठाला पहिला शोभतो. दुधी साडीला निळा काठ असला की साडी जुनी झाल्यासारखी दिसते, तिच्यावर किरमिजी किंवा पिवळा बरा. सावळ्या रंगाला पांढरे शोभत नाही असे दुकानदार हमखास सांगतो आणि हळूच गुलाबी पुढे सरकवतो. त्याचे ऐकू नका. सावळ्या रंगावर पांढरे आणि निळे जेवढे खुलते तेवढे दुसरे काही खुलत नाही, विहारातल्या कोणत्याही पौर्णिमेला बघा.

घाटाखाली एप्रिलमध्ये ऊन कसे असते हे शेगाव-नांदुऱ्याकडच्या बायकांना सांगायला नको. तिथे सुती किंवा सुतीमिश्रितच साडी हवी. निव्वळ पॉलिस्टर धुवायला सोपे, इस्त्री लागत नाही, पण घाम शोषत नाही आणि तीन तास चालताना अंगाला चिकटते. पातळ पांढऱ्या साडीतून उन्हात किंवा मिरवणुकीच्या झोतात आतले दिसते. म्हणून आत पांढरा, जाड सुती परकर हवाच, रंगीत नको. घरात पांढरा परकर नसेल तर साडीच्या पैशातच त्याचेही पैसे धरावेत.

काठावर कमळ, पिंपळपान, अशोकचक्र अशी नक्षी मिळते, ती छान दिसते. पण भगवान बुद्धांची किंवा बाबासाहेबांची छबी छापलेल्या साड्याही आता बाजारात आल्या आहेत. त्या घेऊ नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. साडीवर आपण बसतो, पदराने घाम पुसतो, लेकराचे तोंड पुसतो, मिरवणुकीत काठ पायाखाली येतो. छबी विहाराच्या भिंतीवर असावी.

निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीचा खरा शत्रू म्हणजे तोच निळा काठ. विकत घेण्याआधी रुमालाचे टोक ओले करून काठावर जोरात घासावे. रुमाल निळा झाला तर ती साडी पहिल्या धुण्यातच आभाळासारखी होणार. पहिल्यांदा धुताना गरम पाणी नको, भिजत ठेवणे नको, थंड पाण्यात झटपट धुऊन सावलीत काठ खाली लोंबेल असा वाळवावा, म्हणजे निघालेला रंग पांढऱ्यावर उतरत नाही. काळ्या मातीचा डाग ओला असताना चोळू नये, पसरतो. वाळू द्यावा, झटकावा, मग साबण लावावा. नीळ देताना आधी बादलीत नीट मिसळून घ्यावी, साडीवर थेट थेंब पडला की तो निघत नाही.

ठेवताना पॉलिथिनच्या पिशवीत ठेवू नये, पांढरे पिवळे पडते. जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवावी आणि घडी अधूनमधून बदलावी. १४ एप्रिलनंतर काही आठवड्यांतच बुद्धपौर्णिमा येते, तेव्हा तीच साडी नेसायची. मग आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास, आणि ऑक्टोबरमध्ये मलकापूर किंवा शेगाव स्टेशनवरून नागपूरची गाडी धरताना पुन्हा तीच. त्या गाडीत बसायला जागा मिळेलच असे नाही, खाली बसावे लागते, तेव्हा अंथरायला एक जुनी चादर सोबत असू द्या.